भंगारात आलेला जड डबा आणि डर्टी बॉम्बची भीती

तुमचा प्रश्न असा आहे: चोरीचा किरणोत्सारी माल दहशतवाद्यांच्या हाती लागला तर ते अणुबॉम्ब करतील का, आणि सोलापुरातल्या दवाखान्यांतल्या एक्स-रे मशिनीसुद्धा धोक्याच्या आहेत का? मामांचं भंगाराचं दुकान आहे म्हणून जास्त काळजी वाटते, असंही लिहिलंय. मी एकवीस वर्षं रेडिओग्राफीचं काम केलंय, साखर कारखान्यांचे बॉयलर आणि पाइपलाइनचे वेल्डिंग जोड तपासायचं. त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

एक्स-रे मशिनीची काळजी सोडा. तिच्यात किरणोत्सारी पदार्थ नसतोच. वीज गेली की किरणं बंद. अणुबॉम्बही नाही, त्याला समृद्ध युरेनियम नाहीतर प्लुटोनियम लागतं. जपायचं ते कोबाल्ट-60, सिझियम-137, इरिडियम-192 असल्या सोर्सना, म्हणजे सतत किरणं सोडणाऱ्या पदार्थांच्या साठ्यांना. कॅन्सरच्या जुन्या मशिनी, कारखान्यांतले गेज (मोजमापाची यंत्रं) आणि आमचे कॅमेरे, म्हणजे किरणांनी जोडांचे आतले फोटो काढायचे जड डबे, यांत ते असतात. साध्या स्फोटकानं असा सोर्स उधळला तर त्याला डर्टी बॉम्ब म्हणतात. त्यात माणसं दगावतील ती बहुतेक स्फोटानंच, पण धूळ बसलेली अख्खी पेठ रिकामी करावी लागेल, आणि घबराट त्याच्याही कितीतरी पुढं जाईल. दहशतवाद्यांनी असा स्फोट आजवर घडवलेला नाही. 1995 मध्ये चेचेन बंडखोरांनी मॉस्कोतल्या एका बागेत सिझियमचा डबा पुरला आणि टीव्हीवाल्यांना जागा कळवली. फोडला नाही, तरी जगभर बातमी झाली.

आता हा माल बाहेर पडतो कसा, ते बघा. 1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातून दोघांनी कॅन्सरची मशीन उचकटून भंगारात विकली. आतली भुकटी अंधारात निळी चमकायची. भंगारवाल्यानं ती घरी नेली, कौतुकानं पाहुण्यांना, शेजाऱ्यांना वाटली. सहा वर्षांच्या एका मुलीनं तेच हात न धुता जेवण केलं. ती धरून चौघं गेली, आणि लाखाच्या वर लोकांची तपासणी करावी लागली. आपल्याकडे 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत तेच झालं. विद्यापीठातलं वर्षानुवर्षं पडून असलेलं कोबाल्टचं यंत्र लिलावात भंगारवाल्यांकडे गेलं आणि एक कामगार दगावला. मेक्सिकोत 2013 साली चोरांनी ट्रक पळवला, त्यात कोबाल्टचा सोर्स निघाला. यातल्या एकालाही बॉम्ब करायचा नव्हता. पण यांच्या हाती इतक्या सहज येतं, ते वाईट हेतूच्या माणसालाही येईल.

माझ्याच कामावरची गोष्ट. ऑफ सीझनला एका कारखान्यात रात्रीचे शॉट, म्हणजे जोडांचे फोटो, संपले. कॅमेरा, म्हणजे हँडल असलेला वीसेक किलोचा डबा, खड्ड्यात ठेवून कुलूप घालायचा असतो. सकाळी बघतो तर कुलूप जागेवर, खड्डा रिकामा. आमचे साहेब म्हणाले, बोंब मारू नका, पेपरात येईल. तीन तास आम्ही चोरासारखे शोधत होतो. हेल्परनं झोपेच्या भरात कॅमेरा जीपमध्येच ठेवला होता आणि ड्रायव्हर जीप घेऊन घरी गेला होता. गोणपाटाखाली कॅमेरा, त्यावर बसून त्याची पोरं खेळत होती. सोर्स आत लॉक होता म्हणून निभावलं. किरणं मोजायचा सर्व्हे मीटर धरताना माझा हात थरथरत होता. खरं तर सोर्स हरवला की पोलिसांना आणि मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेला लगेच कळवायचं असतं. आम्ही लपवलं, मीही गप्प बसलो, याचं आजही वाईट वाटतं. खरोखर चोरी झाली असती तर ते तीन तास आम्ही चोराला फुकट दिले असते.

मामांना एवढं सांगा. आकाराच्या मानानं फार जड, शिशाचं अस्तर असलेलं, किंवा पिवळ्यावर तीन पाकळ्यांचं काळं नाहीतर जांभळं चिन्ह असलेलं काही आलं, तर फोडायचं नाही, गॅसकटर लावायचा नाही, हातही लावायचा नाही. माणसं निदान तीस मीटर लांब न्यायची आणि 112 ला फोन करायचा. भुकटी अंगाला लागली असं वाटलं तर कपडे काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचे, साबणानं अंग धुवायचं आणि तोवर काही खायचं-प्यायचं नाही. चिन्ह झिजून गेलेलंही असतं, म्हणून आधी वजनाकडं बघायचं. ते चिन्ह छापून वजनकाट्याशेजारी चिकटवा, माल पहिला तिथंच उतरतो.