सर्वात भेदक बॉलिंग कोणाची: 1980 च्या दशकातल्या वेस्ट इंडिजची, 2000 च्या ऑस्ट्रेलियाची की आजच्या भारताची? आणि सर्वात भारी संघ कोणता?

बॉलिंगपुरतं विचाराल तर वेस्ट इंडिज, यात मला शंका नाही.

बॉलिंगची ताकद पहिल्या बॉलरवरून नाही, चौथ्यावरून कळते. आमच्या परभणीकडच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत समोर एकच फास्टर असला की कॅप्टन आधीच सांगून ठेवतो, "ह्याच्या ओव्हरी खेळून काढा, बाकीच्यांना हाणू." विंडीजपुढे ही सोयच नव्हती. रॉबर्ट्स, होल्डिंग, गार्नर, मार्शल; खेळून काढायचं तरी कोणाला?

1983 चा भारत दौरा बघा. जूनमध्ये आपण त्यांना हरवून वर्ल्ड कप जिंकला आणि ऑक्टोबरात ते इथं आले. गार्नर नव्हता, त्यांचा आणखी एक फास्टर क्रॉफ्ट तर वर्णद्वेषामुळे बहिष्कृत असलेल्या दक्षिण आफ्रिकेला बंडखोर दौऱ्यावर गेल्यामुळे कायमचा बाहेर. तरी 6 कसोटींत 3-0. मार्शल 33 विकेट, होल्डिंग 30. कानपूरला मार्शलच्या उसळलेल्या चेंडूवर बॅट हातातून निसटून पडली, ती कोणाच्या? गावसकरांच्या! विंडीजविरुद्ध 13 शतकं ठोकणारा माणूस तो. अहमदाबादला कपिलने एका डावात 83 धावांत 9 बळी घेतले, तरी आपण 138 धावांनी हरलो. शेवटच्या डावात आपला खेळ 103 वर आटोपला होता.

बुमराहचं तेच झालं. 2024-25 ला ऑस्ट्रेलियात 32 विकेट, सरासरी 13, आणि मालिका 1-3. एकटा बुमराह मला मार्शलपेक्षाही काकणभर सरस वाटतो, पण 2018-19 ला त्याच्या जोडीला शमी आणि इशांत होते म्हणून आपण तिथं जिंकलो. आता तर मराठवाड्यातूनही वेगवान बॉलर निघतायत. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर 2022 चा अंडर-19 वर्ल्ड कप जिंकलेल्या टीममध्ये होता. अशी चार पोरं एकाच वेळी तयार झाली पाहिजेत.

तेव्हा बाउन्सरच्या, म्हणजे डोक्याकडे उसळणाऱ्या चेंडूंच्या, संख्येवर बंधन नव्हतं, असं लोक म्हणतात. खरं आहे, पण 1991 ला बंधन आलं आणि त्यानंतर 1993 ला पर्थवर विंडीजच्याच अँब्रोजने एका स्पेलमध्ये फक्त 1 धाव देऊन 7 जण बाद केले.

ऑस्ट्रेलियाचे मॅग्रा, गिलेस्पी, ली आणि फिरकीवाला वॉर्न हेही जबरदस्तच. फक्त वॉर्न भारतात चालला नाही: 9 कसोटींत 34 विकेट, सरासरी 43.

संघाचं मात्र वेगळं आहे. विंडीजची दुखती नस म्हणजे फिरकी. 1989 ला सिडनीच्या फिरत्या खेळपट्टीवर अॅलन बॉर्डरसारख्या कामचलाऊ स्पिनरने त्यांचे सामन्यात 11 बळी घेतले. तिथं वॉर्न असता तर? शिवाय सातव्या नंबरला गिलख्रिस्टसारखा तडाखेबंद विकेटकीपर-बॅट्समन. म्हणून अकरा विरुद्ध अकरा असा सामना लावला तर मी ऑस्ट्रेलियाच्या बाजूने.