नागपुरात घरोघरी पियानो शिकवायला सुरुवात करतेय, फी किती आणि कशी ठेवू?

फी महिन्याची ठेवा, आगाऊ घ्या आणि आकडा शेजारच्या क्लासकडे बघून न ठरवता स्वतःच्या तासावरून काढा. तासाला ३०० रुपये सुटावेत असं धरलं, तर तुमच्या घरी ४५ मिनिटांचा क्लास २२५ रुपयांचा. आठवड्यातून दोनदा म्हणजे महिन्याला १,८००. पण मनीषनगरहून धरमपेठेत शिकवायला गेलात, तर जाण्या-येण्याची ४५ मिनिटंही त्यात धरावीच लागतात. तोच विद्यार्थी ३,६०० वर जातो, पेट्रोल वेगळं. नवीन माणूस नेमका हाच वेळ फुकट देऊन बसतो, कृपया देऊ नका.

मी सुरुवातीला दर क्लासचे पैसे घ्यायचो. मे महिन्यात पोरं मामाच्या गावी गेली आणि माझी हजेरीची वही कोरी राहिली. तेव्हापासून महिन्याचीच फी. मी रद्द केलेला क्लास भरून देतो, त्यांनी ऐनवेळी रद्द केलेला नाही. हे पहिल्याच दिवशी पालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा.

मात्र हा हिशोब नवशिक्यांसाठी आहे. ट्रिनिटी कॉलेज लंडन या संस्थेच्या संगीताच्या ग्रेड (श्रेणी) परीक्षेची तयारी करून घेणार असाल तर दर वाढवा, आणि परीक्षा शुल्क पालकांनीच वेगळं भरायचं हे आधीच सांगा.