राजापूर लोकसभा मतदारसंघातून कोण कोण निवडून आले?

आज नकाशावर नसलेल्या या मतदारसंघाने 1957 ते 2004 या काळात फक्त चार खासदार दिले. 1957, 1962 आणि 1967 असे सलग तीनदा बॅरिस्टर नाथ पै. जानेवारी 1971 मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी मधु दंडवते आले, ते सलग पाचदा. 1984 च्या काँग्रेस लाटेतही राजापूरने त्यांना सोडलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. कोकण रेल्वेसाठी झटलेला माणूस तो! 1991 ला काँग्रेसचे सुधीर सावंत, मग 1996 पासून चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू. पुनर्रचनेनंतर 2009 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ आला.