वाचकांचे प्रश्न: पेशी थांबते कशी, आणि थांबायची विसरते तेव्हा

प्रश्न: पावाच्या यीस्टवरच्या संशोधनाला कर्करोगात एवढं महत्त्व का? कर्करोग म्हणजे भराभर वाढणाऱ्या पेशी, एवढंच ना?

उत्तर: नुसत्या वेगावरून कर्करोग ओळखता येत नाही. निरोगी माणसाच्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी कित्येक गाठींतल्या पेशींपेक्षा भराभर विभागतात. खरा बिघाड असतो तो थांबण्यात, आणि तो यीस्टमध्ये फार स्वच्छ दिसतो.

१९८८ साली टेड वाइनर्ट आणि लेलँड हार्टवेल यांनी यीस्टच्या डीएनएला क्ष-किरणांनी इजा केली. एरवी यीस्टची पेशी अशा वेळी विभाजनाआधी थांबते, दुरुस्ती करते, मगच पुढे जाते. रॅड९ हे जनुक निकामी असलेली पेशी मात्र तुटक्या डीएनएसकट विभागत राहिली आणि मेली. मग त्यांनी अशाच पेशींना एका औषधाने काही तास अडवून धरलं, तर त्यांतल्या बऱ्याच वाचल्या! दुरुस्तीची साधनं शाबूत होती, फक्त सवड मिळत नव्हती. पेशीचक्रातल्या ‘चेकपॉइंट’ची, म्हणजे तपासणी नाक्याची, कल्पना अशा प्रयोगांतून पक्की झाली. मला हा प्रयोग या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो.

माणसात हे काम मुख्यतः पी५३ हे प्रथिन करतं. डीएनए तुटला की ते पी२१ तयार करायला लावतं आणि पी२१ विभाजनाचं इंजिन, म्हणजे सीडीके प्रथिनं, रोखतं. सुमारे निम्म्या कर्करोगांत पी५३चं जनुक बिघडलेलं सापडतं. नाकाच उठला की चुका पेशींच्या पुढच्या पिढीत जातात आणि साठत राहतात.

यीस्टचं माणसाला लागू पडतं कशावरून? १९८७ मध्ये मेलनी ली आणि पॉल नर्स यांनी विभाजनाला लागणारं सीडीसी२ जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाची जनुकं घातली. त्यांतल्या एका जनुकाने ते यीस्ट पुन्हा विभागू लागलं. तेच आजचं सीडीके१.

प्रश्न: आईला स्तनाच्या कर्करोगासाठी पाल्बोसिक्लिब सुरू आहे. २१ दिवस गोळी आणि ७ दिवस सुट्टी, असं का?

उत्तर: ही गोळी सीडीके४ आणि सीडीके६ना अडवते. त्यामुळे आरबी या प्रथिनाचा ब्रेक लागलेला राहतो आणि पेशी डीएनएची प्रत काढायला लागतच नाही. (गाठीतलं आरबीच नष्ट झालं असेल तर गोळी चालत नाही, अडवायला ब्रेकच उरत नाही.) पण अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी तयार होण्यासाठीही सीडीके६ लागतं, म्हणून न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटतात. तिथल्या पेशी मरत नाहीत, थबकतात. सुट्टीच्या आठवड्यात त्या पुन्हा कामाला लागतात.

नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. प्रत्येक चक्राच्या सुरुवातीला आणि पहिल्या दोन चक्रांत १५व्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करतात. गोळी उलटून पडली तर त्या दिवशी दुसरी देऊ नका. ग्रेपफ्रूट टाळा, त्याने रक्तातलं औषध वाढतं. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न: कर्करोगावर सदाफुलीची पानं खाल्ली तर?

उत्तर: खाऊ नका. व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचं औषध सदाफुलीतूनच मिळतं आणि ते गुणसूत्रं ओढणारे धागे तयारच होऊ देत नाही, हे खरं. पण पानात ते अत्यल्प असतं, सोबत इतर विषारी अल्कलॉइडही असतात. शुद्ध औषधसुद्धा मोजून, फक्त शिरेतूनच देतात.