मराठी पान बांधताना एवढं बघ

भाऊ, तू केलेलं रावेरच्या केळीभावाचं वेबपान काल उघडलं. मांडणी झकास, पण मथळ्यातली शिरोरेषा जागोजाग तुटलीय. फॉन्टला शिव्या देऊ नकोस, तू लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, २ पिक्सेल ठेवलंय. इंग्रजी अक्षरं सुटी, त्यांना ते खपतं. आपली एका रेघेला टांगलेली. शून्य कर.

पानाची भाषा ब्राउझरला सांगणारं लँग ॲट्रिब्यूट अजून ‘ईएन’ (इंग्रजी) आहे, ते ‘एमआर’ (मराठी) कर. नोटो सान्स देवनागरी या फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत. भाषा सांगितली तरच ब्राउझर ते वापरतो, नाहीतर हिंदी वळण दाखवतो. माझ्या हे फार उशिरा ध्यानात आलं.

लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या १.२ पट ठेवलीस तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसणारच. १.६ च्या आसपास ने. फॉन्टच्या बोल्डची, म्हणजे ठळक अक्षरांची, फाइलही जोड, नाहीतर ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवतो आणि ‘क्ष’चं पोट बुजतं.

आणि अक्षरांना तो फिकट राखाडी रंग कशाला? पांढऱ्यावर निदान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक) हवा, असं डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून केलेली नियमावली, सांगतं. यावलचे आमचे काका बांधावर, मे महिन्याच्या उन्हात, फोनवर हाताची सावली धरून भाव बघतात. त्यांना काळंच दे.