16 जुलैला मुलाला घरी ठेवावं का?

ताई, 16 जुलै जवळ आला की ग्रुपवर तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेला लागलेल्या आगीचे फोटो फिरतात, तुमच्या पोटात गोळा येतो आणि दुसरीतल्या मुलाला त्या दिवशी घरीच ठेवावंसं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय.

ठेवू नका. माझी मुलगीही नागपुरातच शिकते, भीती मला कळते. पण 2004 साली तिथे 94 मुलं गेली ती तारखेमुळे नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपराला लागली आणि खाली यायला अरुंद जिना. ते छप्पर आणि तो जिना 15 जुलैलाही तिथेच होते.

म्हणून त्या आठवड्यात रजा टाकायचीच तर स्वतः टाका आणि शाळेत चक्कर मारा. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, तेव्हा वेळही बरोबर येते. जिन्याखाली मोडकी बाकं रचलीत का? मागचं दार कुलूपबंद असेल तर किल्ली कोणाकडे? खिचडी शाळेतच शिजते तर सिलिंडर कुठे असतात? आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हासाठी बांधलेली हिरवी जाळी. पावसाळा आला तरी ती कोणी काढत नाही. झटकन पेट घेते ती, त्यातून शेजारी कूलरच्या वायरी लोंबकळत असतात.

ऑफिसात ‘बी फॉर्म’ मागा. 2006 च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं हे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यावं लागतं. ‘फायर एनओसी आहे ना’ म्हणून अग्निशमन विभागाचा जुना ना-हरकत दाखला दाखवतील, तो पुरेसा नाही. कुरकुर केलीच तर सांगा, कुंभकोणमनंतरच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानलाय. एकट्याने गेलात तर ‘मॅडम, काळजी करू नका’ ऐकून परत याल. पालक-शिक्षक संघातले दोघं-तिघं सोबत न्या.

खरं सांगू, मला आगीपेक्षा रोजच्या व्हॅनची धास्ती जास्त आहे. कोंबलेली पोरं, बाहेर लटकलेली दप्तरं आणि वर्धा रोडवरची घाई. 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी, तिच्यात पालकांचा प्रतिनिधीही हवा. तुमच्या शाळेत तो कोण आहे, विचारून बघा. बहुतेकदा उत्तरच येत नाही.

ते फोटो पुढे पाठवू नका, मुलालाही दाखवू नका. त्याला एवढंच सांगा: घंटा वाजली की दप्तर, डबा, चपला सगळं तिथेच टाकायचं, बाईंच्या मागे रांगेत उतरायचं, आणि मित्र दिसला नाही तरी परत वर जायचं नाही, बाईंना सांगायचं. हे दोन-तीनदा त्याच्याकडून वदवून घ्या.