थीम पार्कातला बुफे: घ्यावा की नको?

मागच्या अंकात फिरण्याच्या खर्चाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, मला वाटलं विमानाची तिकिटं, हॉटेलं असलं काहीतरी येईल, पण सगळ्यात जास्त पत्रं आली ती थीम पार्कातल्या जेवणाची, आणि त्यातही बुफेची. तिकिटाचे पैसे लोक निमूट भरतात, जेवणाच्या बिलापाशी मात्र अडतात. साहजिकच आहे म्हणा, तिकीट घरी बसून निवांत काढलेलं असतं आणि जेवणाचं बिल भुकेजलेली पोरं समोर असताना येतं.

प्रश्न: आम्ही चौघं, मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ ची. पार्कात अनलिमिटेड बुफे आहे, पण चौघांची बेरीज केली की पोटात गोळा येतो. नवरा म्हणतो "खाऊन वसूल करू". होतात का हो खरंच वसूल?

उत्तर: ताई, आधी नवऱ्याला सांगा, खाऊन वसूल वगैरे काही होत नाही. बुफेचा दर ठरवणाऱ्याला नेहमीचा माणूस किती खातो ते पक्कं माहीत असतं, एखादा पैलवान जास्त जेवला तर त्याची भरपाई बाकीच्या चार टेबलांवरून कधीच झालेली असते. त्यामुळे "किती खाल्लं तर परवडेल" हा हिशोबच सोडून द्या. हिशोब असा करा की बुफे नसता तर तुम्ही चौघांनी साध्या काउंटरवरून काय घेतलं असतं? तुमच्या घरची खरी भूक धरायची हं, डोळ्यासमोर चाळीस पदार्थ मांडलेले बघून लागते ती नाही. बहुतेक मोठ्या पार्कांत मोठ्या माणसाचा बुफे काउंटरवरच्या जेवणाच्या दुप्पट किंवा त्याहून महाग पडतो. आता तुम्हीच सांगा, तुमची सहा वर्षांची लेक उन्हातान्हात, पॉपकॉर्न आणि आइस्क्रीम खाऊन झाल्यावर दुप्पट जेवणार आहे का? पास्त्याचे चार घास आणि जेली, संपला विषय.

आणि मुलाचं वय ११ लिहिलंय तिथे खरी गोम आहे. 'मुलांचा दर' हा प्रकार प्रत्येक पार्कात वेगळा असतो, आणि तो मूल किती खातं यावर नसतो, वाढदिवसावर असतो. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये बुफेला ३ ते ९ वर्षं म्हणजे मूल, १० पूर्ण झाली की थेट मोठ्यांचा दर, आणि ३ च्या आतलं पोर फुकट. म्हणजे तिथे तुमचे तीन मोठे आणि एक मूल असं बिल होईल. आता हा ११ वर्षांचा चिरंजीव कसा खाणारा आहे ते तुम्हाला माहीत. वाढत्या वयाचा, तासाभराने पुन्हा "आई भूक" करणारा असेल तर बुफे त्याच्यासाठी झकास आहे, उलट काउंटरवर तो दोन जेवणं मागेल. पण फक्त पांढरं आणि कोरडं खाणारा असेल तर त्याच्यापायी मोठ्याचा दर भरणं म्हणजे शुद्ध नुकसान. माझं मत विचाराल तर बुफे परवडतो तो १० च्या खाली किंवा १४ च्या वर मुलं असलेल्यांना, मधल्या वयाची मुलं असली की आईबापांचा खिसा जातो.

तरी जायचं ठरलंच तर आत शिरल्या शिरल्या प्लेट उचलू नका. आधी रिकाम्या हाताने पूर्ण फेरी मारा. मांडणी बघितलीत तर ब्रेड, भात, बटाटा, पास्ता, सूप हे सगळं सुरुवातीला असतं, कारण ते स्वस्त पडतं आणि त्याने पोट लवकर भरतं, महागडं जे काही असेल ते शेवटी, आणि बऱ्याचदा तिथे कापून वाढायला माणूस उभा असतो म्हणजे तुकडा बेताचाच पडतो. यात फसवणूक नाही काही, धंदा आहे. शिवाय बुफेतला निम्मा माल डोळ्यांसाठीच असतो आणि ही गोष्ट आजची नाही. १९३९ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड फेअरमध्ये स्वीडनच्या दालनात फिरत्या टेबलावर स्मॉर्गसबोर्ड, म्हणजे स्वीडिश पद्धतीचा बुफे, मांडलं होतं, जेवणाइतकंच ते बघण्यासारखं होतं, आणि अमेरिकेत हा प्रकार लोकांच्या तोंडी बसला तो तिथून. पहिलं डिस्नीलँड उघडलं १९५५ मध्ये, म्हणजे जत्रेत जेवणाचा देखावा मांडायची युक्ती त्याच्याही आधीची.

आणि "पैसे भरलेत ना, मग खा" हे मुलांना म्हणू नका, प्लीज. भरलेले पैसे परत येणार नसतात तरी आपण त्यांच्या मागे धावतो. १९८५ मध्ये हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या दोन संशोधकांनी यावर एक छान प्रयोग छापला होता. नाटकांच्या सीझन तिकिटावर काही लोकांना अचानक सवलत दिली, काहींना नाही, तर पूर्ण पैसे भरलेले लोक सीझनच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना गेले. तिकीट सगळ्यांकडे तेच, नाटकं तीच, फरक फक्त खिशातून किती गेले याचा. नाटक निदान जास्तीचं बघितलं तर काही बिघडत नाही हो, बुफेत जास्तीचं कोंबून लगेच गोल फिरणाऱ्या राइडवर बसलं तर काय होतं ते मी इथे लिहीत नाही. जेवणानंतर तासभर तरी शो, मिरवणूक, सावलीतली हळू चालणारी बोट असलं काहीतरी ठेवा.

प्रश्न: माझ्या चार वर्षांच्या मुलीला मिकी माऊसबरोबर जेवायचंय, महिनाभर तेच चाललंय. कॅरॅक्टरवाला बुफे फारच महाग आहे. जेवण ठीकठाकच असतं असं ऐकलं. मग एवढे पैसे कशाचे?

उत्तर: मिकीचे! जेवणाचे नाहीतच ते. एकदा हे मान्य केलं की निर्णय सोपा होतो. पार्कात एकेका कॅरॅक्टरला, म्हणजे मिकीसारखा वेष घालून फिरणाऱ्याला, भेटायला वेगळी रांग, उन्हात उभं राहायचं, पोर कंटाळून रडकुंडीला येतं, आणि भेट मिनिटभराची. कॅरॅक्टर बुफेत तुम्ही एसीत बसलेले असता आणि चार-पाच जण एकेक करून टेबलापाशी येतात, फोटो काढून देतात. त्या सगळ्या रांगांचा वेळ धरला तर लहान मुलांच्या आईबापांना हा सौदा मला तरी वाईट वाटत नाही. फक्त मुलगी खरंच त्यांच्याजवळ जाईल ना हे बघा, कारण टीव्हीवर आवडणारा मिकी समोर माणसाएवढा उभा राहिला की बरीच पोरं टेबलाखाली जातात. आधी पार्कात लांबून एखादं कॅरॅक्टर दाखवा आणि अंदाज घ्या.

दुसरं म्हणजे कुठल्या बुफेत कोण येतं ते नीट वाचा. डिस्ने वर्ल्डमध्ये 'शेफ मिकीज'ला मिकी आणि मंडळी असतात, 'क्रिस्टल पॅलेस'मध्ये विनी द पू आणि त्याचे दोस्त. मिकी मिकी करणाऱ्या मुलीला घेऊन चुकून पूच्या पंगतीला बसाल तर ती ऐकायची नाही. आणि एक फायद्याची गोष्ट, हे शेफ मिकीज पार्कात नाहीये, कंटेम्पररी नावाच्या हॉटेलात आहे, म्हणजे तिथे जेवायला त्या दिवसाचं पार्कचं तिकीट लागत नाही. ज्या दिवशी विश्रांती घ्यायची, पार्कात जायचंच नाही, त्या दिवशी हे ठेवलं तर मुलीला मिकी मिळतो आणि महागड्या तिकिटाचा दीड तास जेवणात जात नाही. जागा मात्र ६० दिवस आधीपासून बुक होतात आणि चांगल्या वेळा लवकर जातात. बुक करून ऐनवेळी गेलाच नाहीत तर माणशी दंड लागतो, तेव्हा मूल आजारी पडलं किंवा बेत बदलला तर आधी आठवणीने कॅन्सल करा.

प्रश्न: बुफे सकाळचा घ्यावा, दुपारचा की रात्रीचा?

उत्तर: सकाळचा, पण उशिरा. साधारणपणे नाश्त्याचा बुफे रात्रीच्या जेवणापेक्षा स्वस्त असतो आणि लहान मुलं खरं तर नाश्त्याचेच पदार्थ नीट खातात, अंडं, ब्रेड, फळं, पॅनकेक. पण पार्क उघडल्या उघडल्या बुफेत जाऊन बसणं म्हणजे वेडेपणा, कारण पहिल्या तास-दीड तासात राइडच्या रांगा सगळ्यात छोट्या असतात, तो वेळ ऑम्लेटच्या रांगेत का घालवायचा. घरून किंवा रूमवरून केळं-बिस्किट खाऊन निघा, मोठ्या राइड उरका, आणि नाश्त्याची शेवटची वेळ बुक करून साडेदहाच्या सुमाराला आरामात बसा. त्यावर चारपर्यंत निघतं, मग मधे काहीतरी छोटं आणि रात्री साधं जेवण. असं एका बुफेत दोन वेळचं भागलं तर हिशोब जमतो, तीन वेळा खाऊन वर बुफे म्हणजे नाही जमत.

दुपारी साडेबारा ते दोन मात्र टाळा. "काउंटरला गर्दी असते म्हणून बुफे घेतला" असं बरेच जण म्हणतात, पण आता मोठ्या पार्कांच्या अ‍ॅपवर आधी ऑर्डर करून तयार ताट उचलता येतं, त्यामुळे नुसती रांग वाचवायला बुफे घ्यायचं कारण फारसं उरलेलं नाही. बसायला एसी हवा, पाय मोकळे करायचेत, पाळण्यातलं बाळ झोपलंय, ही कारणं खरी आहेत, त्यासाठी घेत असाल तर घ्या.

प्रश्न: सोबत सासू-सासरे आहेत, दोघं शाकाहारी आणि बेताचं जेवणारे. मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. बुफेत चॉइस जास्त म्हणून बरं पडेल ना?

उत्तर: दोन्हींचं उत्तर वेगळं आहे. सासू-सासऱ्यांना चॉइस मिळेल हे खरं, निदान समोर बघून घेता येतं, मेन्यू वाचून अंदाज बांधावा लागत नाही, आणि बसून निवांत जेवता येतं हे त्या वयात फार मोठं सुख आहे. पण दर सगळ्यांना सारखा, आणि बुफेतल्या सगळ्यात महाग गोष्टी मांसाहारीच असतात, त्यामुळे शाकाहारी माणूस दुसऱ्याच्या ताटाचे पैसे भरतो असं समजा. "ते दोघं नुसते बसतील, खाणार नाहीत" असं बऱ्याच ठिकाणी चालत नाही, टेबलावर बसलेल्या प्रत्येकाचे पैसे लावतात. आधी विचारून घ्या, आणि चालत नसेल तर सरळ वेगवेगळ्या डिश मिळतात अशा बसायच्या रेस्टॉरंटमध्ये जा.

तुमच्या अ‍ॅलर्जीचं मात्र गमतीवारी नेऊ नका. बुफेत लोक एका भांड्यातला चमचा दुसऱ्या भांड्यात घालतात, लहान मुलं तर हातच घालतात, त्यामुळे पाटीवर 'शेंगदाणे नाहीत' लिहिलेलं असलं तरी भरवसा नाही. शिरल्यावर वाढणाऱ्यांपैकी कुणाला तरी सांगून शेफशी बोला, मोठ्या पार्कांत किचनमधून वेगळं ताट करून देतात, आणि त्याला लाजू नका. औषध जवळ ठेवायचं हे सांगायला नको.

जाता जाता सगळ्यांसाठीच, विशेषतः गरोदर बायका आणि छोटी बाळं असतील तर: जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे, शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम हवं, थंड ते ५ च्या खाली, आणि साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त नाही. थर्मामीटर घेऊन फिरा असं नाही म्हणत मी, पण वाफ येत नसलेलं कोमट मटण, साय धरलेला सॉस, बर्फ वितळलेल्या ट्रेमधले मासे, हे राहू द्या. नवीन ट्रे येईपर्यंत थांबा. पंगत संपत आलेली असताना जाण्यापेक्षा गर्दीच्या वेळी भांडी भराभर बदलतात, तेवढा एक फायदा गर्दीचा.

प्रश्न: एवढी कटकट करण्यापेक्षा घरचा डबा नेला तर?

उत्तर: उत्तम! चालतो का ते बघा फक्त. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत आपलं खाणं नेता येतं, काचेची बाटली आणि दारू सोडून. टोकियो डिस्नीलँडमध्ये आत नेता येत नाही, गेटबाहेर पिकनिकची जागा केलेली आहे. शांघाय डिस्नीलँडमध्येही बंदी होती, तिथे एका विद्यार्थिनीने थेट कोर्टात केस केली आणि २०१९ मध्ये पार्कला नियम सैल करावा लागला. एका डब्यापायी! मला फार आवडते ती मुलगी. नियम कडक असले तरी तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं बहुतेक ठिकाणी अडवत नाहीत.

प्रश्न: 'ऑल डे डायनिंग'चा पट्टा (एकदा पैसे भरून मनगटाला बांधायचा आणि दिवसभर जेवायचं) आणि बुफे, यात स्वस्त काय?

उत्तर: दिवसभर तिथेच असाल आणि मुलं मोठी असतील तर पट्टा. पण बारीक अक्षरं वाचा, दोन जेवणांच्या मधे ठरावीक वेळ जावा लागतो, कुठे तासभर, कुठे दीड तास, आणि एक पट्टा दोघांत वापरता येत नाही. पेय त्यात आहे का तेही बघा, कारण उन्हाळ्यात जेवणापेक्षा पेयांचंच बिल फुगतं. अमेरिकेत इंडियानामधलं हॉलिडे वर्ल्ड हे पार्क २००० सालापासून सॉफ्ट ड्रिंक फुकट देतंय, बाकीच्यांनी कित्ता गिरवला असता तर हा प्रश्नच आला नसता.

प्रश्न: बुफेत उरलेलं पिशवीत घालून नेलं तर काय बिघडलं? पैसे तर भरलेत.

उत्तर: नाही न्यायचं. 'अनलिमिटेड' हे तिथे बसून खाण्यापुरतं असतं, आणि उन्हात चार तास पिशवीत राहिलेलं ते कोंबडं संध्याकाळी कोण खाणार आहे? मुलासाठी एखादं सफरचंद किंवा केळं हातात घेऊन निघालात तर मात्र कुणी काही म्हणत नाही, तेवढं खुशाल घ्या.